जगज्जेत्यांचा पंक्तिप्रपंच

मुष्टियुद्धाच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत भारी वजनाच्या, गटांतील जगज्जेत्यांमध्यें सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो मिटण्याचें कांहींच चिन्ह दिसत नाहीं. मासिकांनीं, वृत्तपत्रांनीं, जुन्या मुष्टियोद्ध्यांनीं आणि ज्यांनीं जन्मांत कधीं मूठ आवळली नाहीं अशा पंडितांनींहि याद्या केल्या आहेत. कोणी जो लुईला पहिल्या पाटावर बसवितो, कोणी महंमद अलीला. कोणी रॉकी मार्सियानोच्या निष्कलंक कारकीर्दीचा दाखला देतो, तर जॅक जॉन्सनच्या बचावापुढें नंतरचे सारे अनाडी, असेंहि कोणी म्हणतो. जेवणारे कधींच उठून गेले, तरी वाढप्यांची भांडणें चालूच आहेत, अशी ह्या पंगतीची स्थिति आहे.

कित्येक सुज्ञ माणसें ह्या वादाला रिकामपणाचा उद्योग समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. क्रम लावणें म्हणजे निवाडा देणें होय; आणि ज्यांच्याविषयीं निवाडा द्यावयाचा ते बहुतेक मृत आहेत, त्यांना पुन्हां रिंगणांत उतरून आपली बाजू मांडतां येत नाहीं. शिवाय जगज्जेता ही पदवी एकाला मिळते तेव्हां ती दुसऱ्या अनेकांना नाकारलेली असते; ती न्यायानें नाकारली कीं अन्यायानें, हें यादी करणाऱ्यानें पाहिलें नाहीं तर त्याची यादी जुन्या अन्यायावर नवें शिक्कामोर्तब करते. तेव्हां जगज्जेत्याचें माप कोणत्या न्यायानें घ्यावें, हा प्रश्न खेळाचा कमी आणि नीतीचा अधिक आहे. त्याचाच विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

क्रम लावण्याची सर्वांत लोकप्रिय रीत म्हणजे कल्पनेंतील सामना. १९२० सालचा डेम्प्सी आणि १९६६ सालचा अली समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता? हा खेळ एकदां खऱ्याखुऱ्या यंत्रावर खेळून झालेला आहे. १९६९ सालीं अली आणि मार्सियानो ह्या दोघांना एकत्र आणून त्यांच्या लुटुपुटीच्या अनेक फेऱ्यांचें चित्रण करण्यांत आलें, निरनिराळे शेवट टिपून ठेवण्यांत आले, आणि निकाल संगणकानें द्यावयाचा असें जाहीर झालें. मार्सियानो त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विमानाच्या अपघातांत वारला. जानेवारी १९७० मध्यें चित्रपट लागला तेव्हां अमेरिकेंतील प्रेक्षकांना तेराव्या फेरींत मार्सियानो जिंकलेला दिसला. युरोपांत दाखविलेल्या प्रतींत मात्र अली जिंकला. ज्या प्रेक्षकाला जें रुचेल तें त्याच्या पानांत वाढावें, इतकेंच ज्ञान ह्या यंत्रानें प्रकट केलें. कल्पनेंतील सामन्याचा पंच नेहमींच प्रेक्षकांचा नोकर असतो.

देहाच्या मापानेंहि हा प्रश्न सुटत नाहीं. मार्सियानोचें वजन सुमारें १८५ पौंड असे. लेनॉक्स लुईसच्या काळापर्यंत जगज्जेता अडीचशे पौंडांच्या आसपास पोंचला होता. ह्यावरून नवे तेवढे श्रेष्ठ असें कोणी म्हणेल, तर त्यानें ४ जुलै १९१९ चा टोलेडो येथील सामना आठवावा. त्या दिवशीं १८७ पौंडांच्या जॅक डेम्प्सीनें २४५ पौंडांच्या जेस विलार्डला पहिल्या फेरींतच सात वेळां लोळविलें. उलट पक्षीं, भारीपणा अगदीं कुचकामी असता तर वजनांचे गट पाडण्याचें कारणच पडलें नसतें. प्रत्येक मल्ल आपल्या काळाच्या अन्नावर, तालमीवर आणि नियमांवर वाढतो. एका काळाचा देह उचलून दुसऱ्या काळांत नेऊन उभा करणें, हें ज्ञानेश्वरकालीन आणि आधुनिक मराठींत शुद्ध कोणती असें विचारण्यासारखें आहे. प्रश्न व्याकरणशुद्ध आहे. त्याला उत्तर नाहीं.

दुसरी रीत आंकड्यांची. मार्सियानोनें ४९ सामने केले, ४९ जिंकले, आणि १९५६ सालीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं अजिंक्य असतांनाच तो निवृत्त झाला. ह्या शून्य पराभवांची मोहिनी विलक्षण आहे. परंतु शून्याला स्वतःचें मोल नसतें. तें त्याच्या डावीकडील अंकामुळें येतें, हें गणिताचें साधें तत्त्व येथेंहि लागू पडतें. मार्सियानोनें १९५१ सालीं जो लुईला पाडलें तेव्हां लुई सदतीस वर्षांचा होता आणि पोटासाठीं परत आला होता. १९५२ सालीं ज्याच्यापासून त्यानें पद घेतलें तो जर्सी जो वॉलकॉट अडतीस वर्षांचा होता. एझर्ड चार्ल्स आणि आर्ची मूर हेहि थोर योद्धे खरे, पण मार्सियानोला ते भेटले तेव्हां त्यांचा मध्यान्ह टळून गेला होता. ह्यांत मार्सियानोचा दोष कोणता? कांहींच नाहीं. जो समोर आला त्याला त्यानें नाहीं म्हटलें नाहीं; काळानें त्याच्या पानांत जें वाढलें तें त्यानें संपविलें. लॅरी होम्स असाच एकामागून एक ४८ सामने जिंकून १९८५ सालीं मायकेल स्पिंक्सपुढें उभा राहिला आणि हरला. त्या एका निकालानें होम्सच्या आधींच्या ४८ विजयांतील एकाचेंहि तेज कमी झालें असें आम्हांस वाटत नाहीं; आणि तो निकाल उलटा लागता तर तेज वाढलें असतें असेंहि वाटत नाहीं.

तेव्हां आंकडा मोजण्यापूर्वीं समोर कोण उभें होतें हें पाहिलें पाहिजे, इतकें तर सर्वच जाणते मान्य करितात. आम्ही एक पाऊल पुढें जाऊं इच्छितों. समोर कोण उभें होतें ह्याबरोबरच कोणाला उभें राहूं दिलें नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे. जे सामने झाले त्यांच्याइतकेच जे होऊं दिले नाहींत ते सामने जगज्जेत्याच्या इतिहासाचा भाग आहेत.

हा इतिहास थोडक्यांत असा. जॉन एल. सलिव्हन हा १८८२ पासून १८९२ पर्यंत जगज्जेता म्हणून मिरवला. त्याच्या काळांत पीटर जॅक्सन नांवाचा कृष्णवर्णी योद्धा होता. वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटांत जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियांत नांवारूपाला आलेला. सलिव्हननें काळ्या माणसाशीं लढणार नाहीं असें उघडपणें सांगून त्याला दूर ठेविलें. १८९१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जॅक्सन आणि जेम्स कॉर्बेट हे एकसष्ट फेऱ्या लढले आणि दोघेहि इतके थकले कीं सामना निकालावांचून सोडावा लागला. पुढल्याच वर्षीं त्याच कॉर्बेटनें सलिव्हनचा पराभव करून पद मिळविलें. ज्याच्याशीं बरोबरी झाली होती त्या जॅक्सनला मात्र जगज्जेतेपदाचा सामना कधींच मिळाला नाहीं. १८९८ सालीं, शरीर खंगल्यावर, त्याला तरुण जेम्स जेफ्रीजपुढें उभें करण्यांत आलें. तो तिसऱ्या फेरींत हरला, आणि जेफ्रीजच्या विजयांत एका मोठ्या नांवाची भर पडली. १९०१ सालीं क्षयानें जॅक्सन वारला.

जेफ्रीजनें पद मिळण्यापूर्वीं कृष्णवर्णी योद्ध्यांशीं सामने केले. पद मिळाल्यावर ती वाट बंद केली आणि १९०५ सालीं अजिंक्य म्हणून तो घरीं गेला. जॅक जॉन्सनला टॉमी बर्न्सचा पाठलाग इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत करावा लागला. बर्न्सला तीस हजार डॉलर मिळण्याची हमी दिली गेली तेव्हां २६ डिसेंबर १९०८ रोजीं सिडनी येथें तो सामना झाला, आणि चौदाव्या फेरींत पोलिसांनीं तो थांबवीपर्यंत बर्न्सची दुर्दशा झाली. १९१० सालीं ४ जुलैला रेनो येथें, गोऱ्या वर्णाची लाज राखण्यासाठीं परत आणलेल्या जेफ्रीजलाहि जॉन्सननें पंधराव्या फेरींत हरविलें. त्या रात्रीं अमेरिकेंत ठिकठिकाणीं दंगे झाले, माणसें मेलीं. १९१५ सालीं हवाना येथें विलार्डनें जॉन्सनला सव्विसाव्या फेरींत पाडलें, आणि तेथून १९३७ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, एकाहि कृष्णवर्णी योद्ध्याला ह्या पदासाठीं लढतां आलें नाहीं.

ह्या बावीस वर्षांत सात वर्षें जगज्जेता होता जॅक डेम्प्सी. त्याच्या काळचा अग्रगण्य प्रतिस्पर्धी हॅरी विल्स होय. परंतु करार झाले, चर्चा झाल्या, सामना झाला नाहीं. १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या क्रीडाधिकाऱ्यांनीं आधीं विल्सशीं लढा असा आग्रह धरला, तेव्हां डेम्प्सीचा जीन टनीशीं सामना फिलाडेल्फियाला नेण्यांत आला. दोष डेम्प्सीचा किती, व्यवस्थापकांचा किती आणि दंग्यांना भिणाऱ्या पुढाऱ्यांचा किती, ही वांटणी करणें कठीण आहे. आणि डेम्प्सी भित्रा होता असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. तथापि त्यानें जें पद भोगलें त्याच्या कागदावर एक रकाना कोरा आहे, हें नाकारतां येत नाहीं.

येथें एक आक्षेप हमखास निघतो, आणि तो वजनदार आहे. आक्षेपक म्हणतो, “तुम्ही मुष्टियुद्धाची यादी करीत आहां कीं संतांची? विल्सला संधि न देणें हा अन्याय झाला असेल. पण अन्यायानें डेम्प्सीच्या डाव्या ठोशाची ताकद कमी होते काय? नीति आणि कौशल्य ह्यांची खिचडी करूं नका.”

ह्या आक्षेपाचा अर्धा भाग आम्ही आनंदानें मान्य करितों. रिंगणाबाहेरील चारित्र्याचे गुण आम्ही यादींत मोजीत नाहीं. जॉन्सनच्या खाजगी आयुष्याचा अमेरिकेनें छळ मांडला, १९१३ सालीं त्याला दोषी ठरविलें आणि १०५ वर्षांनीं, २०१८ सालीं, मरणोत्तर माफी दिली. ह्यानें तो मुष्टियोद्धा म्हणून वर चढत नाहीं. माइक टायसनला १९९२ सालीं गंभीर गुन्ह्यासाठीं तुरुंगवास झाला. त्यानें त्याचे पूर्वींचे सामने पुसले जात नाहींत. अलीनें फ्रेझिअरला उद्देशून अत्यंत हीन शब्द वापरले. तेहि येथें जमेस किंवा खर्चास धरण्याचें कारण नाहीं.

परंतु आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे. ठोशाची ताकद ही ठोसा बसल्यावर कळते. योद्ध्याचें कौशल्य हा त्याच्या पेटींत ठेवलेला दागिना नव्हे, कीं सामना न होतांहि तो तोलून पाहतां यावा. समर्थ प्रतिस्पर्धी हाच त्याचा तराजू. ज्यानें तराजू आणूं दिला नाहीं, किंवा ज्याच्यासाठीं दुसऱ्यांनीं तो दडवून ठेविला, त्याचें वजन कमी होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें कळलेलें नाहीं, इतकेंच म्हणतों. आणि जें कळलेलें नाहीं तें पूर्ण भरलें असें धरून त्याला वरच्या पाटावर बसविणें, हा अन्यायहि आहे आणि अज्ञानहि. ह्या एका ठिकाणीं नीतीचा प्रश्न आणि ज्ञानाचा प्रश्न एकच होऊन जातात.

महाभारताचा वाचक हें फार पूर्वींपासून जाणतो. अर्जुनासारखा दुसरा धनुर्धर होऊं नये म्हणून एकलव्याचा अंगठा घेतला गेला, आणि परीक्षेच्या रंगभूमीवर कर्ण उतरला तेव्हां त्याला आधीं कुळ विचारलें गेलें. अर्जुन थोर नव्हता असें ह्यावरून कोणीहि म्हणत नाहीं. परंतु एकलव्याची कथा वाचल्यानंतर ‘अद्वितीय’ हें विशेषण अर्जुनाला लावतांना आपला आवाज थोडा खालीं येतो. त्याच्या थोरवीचें माप घेण्याचें एक साधन त्याच्याच गुरूनें मोडून टाकिलें, ही ती खंत आहे. ज्याच्या रक्षणासाठीं अंगठा कापावा लागला, त्या श्रेष्ठत्वाचेंच त्यांत सर्वांत अधिक नुकसान झालें.

आमच्या कसोटीची खरी परीक्षा जॅक जॉन्सनपाशीं होते. कारण येथें अन्याय सोसणारा आणि करणारा एकच आहे. जगज्जेता होण्यापूर्वीं तो सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्ही ह्या कृष्णवर्णी योद्ध्यांशीं लढला होता व त्यांच्यावर त्यानें विजयहि मिळविले होते. जगज्जेता झाल्यावर त्यानें ह्या तिघांपैकीं एकालाहि पदासाठीं लढूं दिलें नाहीं. कॅनडांत जन्मलेला, अवघ्या साडेपांच फुटांहून थोडा उंच असा लँगफर्ड हा अनेक जाणत्यांच्या मतें कधींहि जगज्जेता न झालेल्यांत सर्वश्रेष्ठ होय; १९०६ सालीं तो जॉन्सनकडून हरला तेव्हां वजनानें जॉन्सनहून फारच हलका होता, आणि पुढें भरात आल्यावर त्याला दुसरी संधि मिळाली नाहीं. १९१३ सालीं पॅरिस येथें जॉन्सननें एका कृष्णवर्णी प्रतिस्पर्ध्याशीं पदासाठीं सामना केला, पण तो ह्या तिघांपैकीं कोणी नव्हता, आणि तो सामनाहि बरोबरींत सुटला. जॉन्सनच्या बाजूचें कारण सर्वांना ठाऊक आहे: गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला पाहण्यासाठीं तिकिटें खपत, दोन काळ्यांच्या सामन्याला गर्दी होत नसे. कारण खरें असेल. पण बर्न्स आणि जेफ्रीज ह्यांचेंहि कारण त्यांच्या मतें खरेंच होतें. आमचा नियम जर गोऱ्या जगज्जेत्यांनाच लागू होत असेल तर तो नियम नव्हे, सूड आहे. म्हणून जॉन्सनविषयीं आम्ही असें म्हणतों कीं, त्याचें कौशल्य पद मिळण्यापूर्वींच्या सामन्यांनीं सिद्ध आहे. त्याचें राज्य मात्र पूर्णपणें सिद्ध नाहीं.

आतां ज्याचें राज्य पूर्णपणें सिद्ध आहे अशाकडे वळूं. जो लुईनें २२ जून १९३७ रोजीं पद मिळविलें आणि १९४९ पर्यंत, पावणेबारा वर्षें, पंचवीस वेळां तें राखलें. ह्या पंचविसांत कांहीं सामान्य प्रतिस्पर्धी होते हें खरें. त्या काळच्या पत्रकारांनीं त्यांची थट्टाहि केली. परंतु समर्थ म्हणून ज्याचें नांव पुढें आलें आणि लुईनें त्याला टाळलें, असा एकहि योद्धा दाखवितां येत नाहीं. ज्या जर्मन मॅक्स श्मेलिंगनें १९३६ सालीं त्याला बाराव्या फेरींत पाडलें होतें त्याला त्यानें १९३८ सालीं पुन्हां समोर घेतलें आणि १२४ सेकंदांत निकाल लाविला. १९३९ सालीं त्यानें जॉन हेन्री लुईस ह्या कृष्णवर्णी योद्ध्याला संधि दिली. अमेरिकेच्या भूमीवर ह्या पदासाठीं दोन कृष्णवर्णी समोरासमोर येण्याचा तो पहिला प्रसंग. डिसेंबर १९४७ मध्यें वॉलकॉटनें त्याला दोनदां खालीं पाडलें, आणि पंचांनीं बहुमतानें लुईला विजयी ठरविलें तेव्हां अनेकांना तो निर्णय पटला नाहीं. सहा महिन्यांनीं लुईनें त्याच वॉलकॉटला परत बोलाविलें आणि अकराव्या फेरींत हरविलें. संशयित विजय घेऊन स्वस्थ बसणें त्याला शक्य होतें. त्यानें तो संशय रिंगणांत आणून फेडला. राज्य ह्याला म्हणतात.

महंमद अलीचें प्रकरण निराळें आहे. १९६४ सालीं सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला, तेव्हां त्याचें नांव कॅशिअस क्ले होतें. १९६७ च्या मार्चपर्यंत त्यानें नऊ वेळां पद राखलें. २८ एप्रिल १९६७ रोजीं व्हिएतनामच्या युद्धकाळांतील सैन्यभरतीस त्यानें नकार दिला. त्याचें पद काढून घेण्यांत आलें, आणि पंचविसाव्या वर्षापासून सुमारें साडेतीन वर्षें त्याला रिंगणाबाहेर राहावें लागलें. १९७१ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याची शिक्षा रद्द केली. पण न्यायालयांना वर्षें परत देतां येत नाहींत.

अलीचे चाहते ह्या साडेतीन वर्षांतले न झालेले विजय त्याच्या नांवावर मांडतात. आम्ही तसें करूं शकत नाहीं. डेम्प्सीच्या नांवावर विल्सवरील विजय मांडतां येत नसेल तर अलीच्या नांवावर १९६८ चा विजयहि मांडतां येणार नाहीं. त्याच्या नकारांतील धैर्य कितीहि मोठें असलें तरी तें आम्ही नागरिक अलीच्या खात्यांत जमा करितों. मुष्टियोद्धा अलीच्या खात्यांत नाहीं. परंतु दोन कोऱ्या रकान्यांत एक फरक आहे, आणि तो विसरतां कामा नये: एका ठिकाणीं दार जगज्जेत्याच्या आंतून लागलें होतें, दुसऱ्या ठिकाणीं तें त्याच्यावर बाहेरून लाविलें गेलें. आणि दार उघडल्यावर अलीनें काय केलें? पायांतली पूर्वींची चपळाई गेलेली असतांना तो जो फ्रेझिअरशीं तीनदां, केन नॉर्टनशीं तीनदां लढला. दोघांकडूनहि आधीं हरला, दोघांनाहि नंतर हरविलें. ज्यानें फ्रेझिअर आणि नॉर्टन दोघांनाहि दोन-दोन फेऱ्यांत उडविलें होतें त्या जॉर्ज फोरमनपुढें तो ३० ऑक्टोबर १९७४ रोजीं किन्शासा येथें, बत्तिसाव्या वर्षीं, उभा राहिला आणि आठव्या फेरींत जिंकला. इतका भारी तराजू दुसऱ्या कोणत्याहि जगज्जेत्यानें आपल्या हातानें आपल्यापुढें मांडून घेतलेला नाहीं.

वर्णाची भिंत पडल्यावर हा प्रश्न संपला, असें समजूं नये. भिंतीची जागा पुढें पट्ट्यांनीं घेतली. एका जगज्जेतेपदाचे निरनिराळ्या संस्थांनीं दोन, मग तीन, मग चार तुकडे केले, आणि प्रत्येकाला आपला तुकडा जपत दुसऱ्याला टाळण्याची सोय झाली. १९९२ सालीं रिडिक बोनें लेनॉक्स लुईसशीं लढण्यापेक्षां लंडन येथें आपला एक पट्टा सर्वांदेखत कचऱ्याच्या डब्यांत टाकणें पसंत केलें. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत त्याला हरविणारा हाच लुईस होता, हें सांगितलें म्हणजे त्या डब्यांत पट्ट्याबरोबर आणखी काय पडलें तें कळेल. लुईस स्वतः दोनदां हरला, पण ज्यांच्याकडून हरला त्या दोघांनाहि त्यानें परत गांठून हरविलें. १९९९ नंतर तुकडे एकत्र आणण्यास पाव शतक लागलें. १८ मे २०२४ रोजीं रियाध येथें युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकनें आपल्याहून उंच व भारी अशा टायसन फ्युरीला हरवून तें साधलें, आणि डिसेंबरांत त्याच फ्युरीला पुन्हां हरविलें.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा विचार प्रामाणिक होणार नाहीं. समर्थांना टाळूं नका असें आम्ही खुर्चींत बसून म्हणतों. त्याची किंमत देणारा मेंदू दुसऱ्याचा असतो. लँगफर्ड आंधळा झाला. १९४४ सालीं एका वार्ताहराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत दारिद्र्यांत आढळला. लुई करखात्याच्या देण्यापायीं निवृत्तीनंतर परत आला आणि चार्ल्स व मार्सियानो ह्यांच्याकडून हरला. आणि १९४२ सालीं ह्याच लुईनें दोन सामन्यांची मिळकत नौदल व भूदल ह्यांच्या साहाय्यनिधींस देऊन टाकिली होती. अली १९८० सालीं, अडतिसाव्या वर्षीं, होम्सपुढें उभा राहिला. दहाव्या फेरीनंतर त्याच्या शिक्षकानेंच तो सामना थांबविला. चार वर्षांनीं त्याच्या कंपवाताचें निदान झालें, आणि तो व्याधि २०१६ सालीं मरेपर्यंत त्याच्या सोबतीला होता. आमची कसोटी अधिक सामने मागते असा कोणी अर्थ घेईल तर तो अनर्थ होईल. ती योग्य सामने, योग्य वेळीं मागते. लुई आणि अली ह्यांचे उतारवयांतले पराभव आम्ही हिशेबांत धरीत नाहीं. आणि त्याच न्यायानें, त्या उतारवयावर मिळविलेले दुसऱ्यांचे विजयहि पूर्ण किमतीनें धरीत नाहीं. जॅक्सनच्या खंगलेल्या देहावर जेफ्रीजनें मिळविलेला विजय ह्याच कारणानें आम्हांस फुकट वाटतो. योग्य वेळीं दार उघडलें असतें तर अनेकांना अवेळीं रिंगणांत यावें लागलें नसतें.

तर मग आमचा निवाडा. पहिल्या पाटावर आम्ही महंमद अलीला बसवितों, कारण त्यानें पेललेला तराजू सर्वांत जड होता. दुसऱ्यावर जो लुई; त्याचें राज्य अधिक दीर्घ आणि अधिक निर्मळ, फक्त त्याच्या पिढीनें त्याला अलीइतके भारी प्रतिस्पर्धी दिले नाहींत. त्यांच्यानंतर जॉन्सन, मार्सियानो आणि लेनॉक्स लुईस हे तिघे एका ओळींत. त्यांत पुढें-मागें करण्याइतका पुरावा रिंगणानें मागें ठेविलेला नाहीं. होम्स त्यांच्या लगत. डेम्प्सी त्याच्या चाहत्यांना रुचणार नाहीं इतका खालीं, आणि सलिव्हन व जेफ्रीज त्याहूनहि खालीं. अपमान म्हणून नव्हे, तर त्यांच्या कागदांवरील कोरे रकाने आम्हांला आमच्या कल्पनेनें भरतां येत नाहींत म्हणून.

आणि वरच्या ओळींतच तीन पाट रिकामे मांडून ठेवावे, अशी आमची यादी करणाऱ्यांस विनंती आहे: पीटर जॅक्सन, सॅम लँगफर्ड, हॅरी विल्स. ते जिंकले असते असा आमचा दावा नाहीं. त्यांना कोणत्या क्रमांकावर बसवावें हेंहि आम्ही सांगत नाहीं. त्यांच्यापुढें पान मांडलेलें असावें, म्हणजे बाकीच्यांचे क्रमांक लावतांना कोण उपाशी उठवला गेला ह्याची आठवण राहील.